उपाशी माळाची गौर

कांडला
१४ एप्रिल २०२५

ताई,

पाया पडतो. अण्णा जवळ बसले असतील तर हे मोठ्याने वाचू नकोस.

काल फोनवर मी ओरडलो आणि कट केला. तू म्हणतेस तेच खरं, फोन हातात आला की माझं डोकं फिरतं. लिहिताना निदान पेन अडतं. आठवी नापासाचं अक्षर आहे, सांभाळून घे.

तू काल बोलता बोलता म्हणालीस, "अण्णांनी गेल्या वर्षी त्यातली अर्धी पोती आधी माळावर टाकली होती ना." मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं आणि मी ओरडलो. ताई, ती पोती मी वाडीसाठी पाठवली होती. गोदामात जमिनीवर सांडलेलं डीएपी खत आम्ही झाडून काढतो, ते मुकादम आम्हालाच देतो. ट्रकवाल्याला पटवून पटवून ते गोराईपर्यंत पोचवलं, कारण वांग्याची रोपं दर वर्षी जांभळी पडून खुरटतात म्हणून अण्णा रडत होते. रोपाच्या बुडाशी मूठभर, एवढंच मी सांगितलं होतं. आणि वांगी कशी धरली ते तूच मला सांगितलंस. मग माळावर कशाला?

आता मी का ओरडलो ते सांगतो. आमच्या गोदामाच्या मागे तारेचं कुंपण आहे. पलीकडे उघडं रान. गेल्या पावसाळ्यात तिथे बोटभर गवत आलं, आणि त्या गवतात टाचणीच्या डोक्याएवढी फुलं, पिवळी, निळी, मोजता येणार नाहीत इतकी. कुंपणाच्या अलीकडे, जिथे आमची खताची धूळ उडते, तिथे एकच दांडगं तण, माझ्या कमरेपर्यंत. फूल औषधालाही नाही. मी समजत होतो, वा, आपल्या धुळीने काय हिरवं झालंय. काल फोन ठेवून तिथेच जाऊन उभा राहिलो आणि डोळ्यांसमोर आपला माळ आला.

गेल्या गौरीला तू म्हणाली होतीस की तेरडा यंदा शोधत फिरावं लागलं. मी हसलो होतो.

आपल्या माळावर काय चाललंय ते खरं खरं लिही. लपवू नकोस.

तुझा
सुयोग


गोराई
२४ एप्रिल २०२५

सुयोग,

पत्र मिळालं. पोस्टमनने दोनदा नाव वाचून बघितलं, या घराला कोणी हाताने पत्र लिहितं यावर त्याचा विश्वास बसेना.

खरं लिही म्हणतोस तर लिहिते. अण्णांनी ते का केलं हे आधी ऐक, म्हणजे त्यांच्यावर चिडणार नाहीस. पोती आली तेव्हा ते मला म्हणाले, "पोराने लांबून खाऊ पाठवलाय. माहेरवाशिणीचं पान आधी वाढायचं, मग घरच्यांचं." माळ म्हणजे गौरीचं माहेर. तिथल्या तेरड्याची मुळं आपण गौरीची पावलं म्हणून घरात आणतो. तर त्यांनी पहिली पोती वर नेली आणि पावसाआधी चांगल्या मनाने सगळ्या उतारावर फेकली. आई असती तर नेऊ दिली नसती. तिने माळावर कधी शेणाची पाटीसुद्धा चढू दिली नाही. का ते तिलाही सांगता यायचं नाही, तिच्या सासूने सांगितलं म्हणून.

बोरिवलीच्या कॉलेजात क्षमा मॅडम शिकवतात, माझ्याकडून भाजी घेतात. त्यांना मी बोटीतून माळाची माती पिशवीत भरून नेऊन दिली. त्या म्हणाल्या, डीएपीत दोन गोष्टी असतात. नत्र पहिल्या पावसात निघून जातं. स्फुरद मातीला धरून बसतं, वर्षानुवर्षं हलत नाही. आपला माळ मुळातला उपाशी. तेरडा, सोनकी, ती बारीक फुलं, ही सगळी त्या उपासात भागवून राहणारी. तिथे जेवण वाढलं की दांडगे येऊन बसतात आणि यांना उठवतात. आपल्याकडे टाकळा येऊन बसला. गेल्या पावसात किती आनंद झाला होता सगळ्यांना, पाट्याच्या पाट्या टाकळ्याची भाजी विकली मी. त्याच टाकळ्याने सगळीकडे बी टाकलंय.

यावर उपाय आहे का, विचारलं. म्हणाल्या, वर गेलेलं खाली आणा. माळावर उगवेल तो टाकळा बी धरायच्या आत उपटा आणि वाडीत नेऊन कुजवा, वाडीला हेच स्फुरद हवंय. पण याला सात-आठ वर्षं जातात. घाई असेल तर वरची बोटभर माती खरवडून वाडीत न्या, तीही आडव्या पट्ट्यांत, खाली माती अडवायला दगडाची ताल घालून. एकदम सगळी काढलीत तर पावसात माळच घरावर येईल.

आणि घाई आहे. हे तुला फोनवर सांगितलं नव्हतं. गावकीकडे लग्नाचे लॉनवाले आलेत. त्यांना माळ हवाय, सपाट करून. निम्मी गावकी तयार आहे. गौर आणताना पुढे असते त्या शांताबाईने बायकांच्या वतीने उठून सांगितलं, "जोवर गौर माळावरून येते, तोवर माळ गावाचा."  मग कोणीतरी हळूच म्हणालं, आणि यंदा आली नाही तर?

माळ गेला तर त्याच्या पोटातून वाडीला येणारा झरा गेला, एवढं तुला कळतं.

अण्णा फावडं घेऊन रोज वर जातात. ठीक आहेत.

सुलक्षणा


कांडला
६ मे २०२५

ताई,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय, घामाने शाई फुटली.

फावडं? अण्णांचं वय काय, माळ केवढा. मी आपल्या गावातल्या निलेशशी बोललोय, त्याच्या मेहुण्याकडे जेसीबी आहे, उत्तनच्या रस्त्याने चढेल. एका दिवसात काम झकास. ती कॉलेजातली बाई म्हणते पट्टी पट्टी, तिला काय जातंय, तिचा झरा आहे का तो?

आणि गावकीत सांग, सुयोगने टाकलं. मी इथे आहे, मला कोण काय करणार. नाहीतरी माझं नाव खराबच आहे. अंधेरीचं कुरिअर सोडलं, मुलुंडचं टायरचं दुकान सोडलं, घाटकोपरला कँटीनमध्ये तर महिनाही टिकलो नाही. लोकांना लगेच पटेल. अण्णांचं नाव मध्ये आलं नाही पाहिजे. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठवलेल्या वस्तूचं कौतुक केलं आणि त्याचंच हे झालं. मला हे रात्रंदिवस खातंय.

मी येऊ का? हो म्हण, उद्या निघतो.

सुयोग


गोराई
२२ जून २०२५

सुयोग,

जेसीबीचं नाव काढू नकोस. त्याने माळ सपाट होईल आणि लॉनवाल्यांची मेहनत वाचेल.

तुझं नाव सांगायला मी गावकीत उठणारच होते, पण अण्णा आधी उठले. टोपी काढून म्हणाले, "मी टाकलं. पोराने वाडीसाठी दिलं होतं, मी माझ्या शहाणपणाने वर नेलं." मागून कोणीतरी म्हणालं, अण्णांनी गौरीला बुफे लावला. लोक हसले. अण्णाही हसले. घरी येऊन जेवले नाहीत.

पाऊस सुरू झाला आणि टाकळा वर आला. तू कधी बघितला नसशील असा, जमीन दिसत नाही. त्याच्या खाली वाकून बघितलं तर तेरड्याची रोपं आहेत, दोऱ्यासारखी, पांढुरकी. उजेडच नाही त्यांना. मी सकाळी भाजी बोरिवलीला टाकून येते आणि दुपारी उपटायला जाते. गोण्या भरते, खाली खड्ड्यात टाकते. उपटलेल्या जागी आठ दिवसांत पुन्हा येतो. शेजारच्या दोघी-तिघी पहिल्या दिवशी आल्या, भाजीपुरता खुडून घेऊन गेल्या.

अण्णांनी उन्हाळ्यात खरवडलेली पट्टी तशीच आहे. लाल, उघडी, खरूज झाल्यासारखी. तिच्यात काहीच नाही. तिच्यातून काढलेली माती मात्र वाडीत पडली आणि वांग्याची रोपं नुसती तरारलीत, यंदा तुझं खत लागणार नाही. वरचं खाली आल्यावर काय होतं ते डोळ्यांना दिसतंय. पण वांगी काय गौर म्हणून बसवायची?

येऊ नकोस. इथे येऊन तू काय करशील ते मला माहीत आहे. दोन दिवस जोर, मग कोणाशी तरी भांडण.

अण्णा ठीक आहेत.

सुलक्षणा


कांडला
१० जुलै २०२५

ताई,

येऊ नकोस म्हणालीस ते लागलं. असू दे.

अण्णा फोनवर का येत नाहीत? परवा तू म्हणालीस झोपलेत, त्याआधी म्हणालीस वाडीत आहेत, मागून तर त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. माझ्यावर रागावलेत ना? सरळ सांग. ते शिव्या देतील तर ऐकून घेईन. मी खत पाठवलं म्हणून हे झालं, त्यांना तसं वाटणारच.

इथे माझं कामात लक्ष नाही. पोती शिवायच्या मशीनवर असतो, समोरून डीएपी धो धो पडतं, आणि मला वाटतं हे सगळं कुठल्या ना कुठल्या माळावर चाललंय. बाजूचा म्हणतो, अरे शेतात टाकतात लोक, सोनं पिकतं, तुझं डोकं फिरलंय. त्याचंही खरं आहे. आपली वांगी मीच बघितलीत. पण मला ती धूळ आता अंगावर सहन होत नाही, आंघोळ करून पुन्हा आंघोळ करतो.

ताई, सात वर्षं कोण थांबणार? गौर दीड महिन्यावर आलीय. तुम्ही दोघं उपटत बसा. मी एक बंदोबस्त केलाय. काय ते विचारू नकोस, काम झालं की तूच म्हणशील.

सुयोग


गोराई
१४ ऑगस्ट २०२५

सुयोग,

तुझा बंदोबस्त उगवला.

निलेशला दहिसरच्या नर्सरीत पाठवून तू कुंड्यांतला तेरडा आणवलास आणि काल पहाटे माळावर लावून घेतलास. मला नाही विचारलंस. निदान तेरडा कसला ते तरी त्या मूर्खाला सांगायचंस. त्याने बागेतला आणला, दुहेरी पाकळ्यांचा. काल शांताबाई बायकांना घेऊन माळ बघायला चढली, मीही मागे होते. टाकळ्याच्या मधोमध गुलाबासारखी फुगीर फुलं, गुलाबी, पांढरी, सगळी एका रांगेत. शांताबाई थांबली. म्हणाली, "सुलक्षणा, ही गौर ब्युटी पार्लरमधून आली काय गं?"

सगळ्या हसल्या. मग हसणं थांबलं आणि एकीने विचारलं, म्हणजे तुम्ही आम्हाला फसवणार होतात? गौरीच्या बाबतीत? मला तोंड वर करता येईना. आजवर अण्णांची चूक होती, ती लोकांनी हसून सोडली होती. आता लबाडी झाली. लॉनवाल्यांच्या बाजूचे लोक संध्याकाळीच घरोघर फिरले.

मी ती सगळी रोपं उपटली. कुंडीच्या मातीत खताचे दाणे होते, पांढरे. एक एक वेचून खाली आणले. पाऊस पडत होता.

फोन करू नकोस. मी उचलणार नाही.

सुलक्षणा


कांडला
२१ ऑगस्ट २०२५

ताई,

उचल ना फोन.

मी जिथे हात लावतो तिथे वाट लागते. अण्णांनी चांगल्या मनाने केलं आणि मी चांगल्या मनाने केलं, दोघांचंही तेच झालं. पण त्यांनी निदान उभं राहून सांगितलं, मी निलेशला पुढे केलं. शांताबाईला सांग की हे सुयोगचं काम होतं, माझ्या बहिणीला माहीतही नव्हतं. हे तरी सांग. हे खरं आहे.

तीन दिवस कामावर गेलो नाही. कुंपणाजवळ जाऊन बसतो. तिकडची फुलं आलीत, आणि अलीकडचं तण उपटून बघितलं, मुळं एवढी घट्ट की हाताला रक्त आलं. तू हे रोज करतेस.

अण्णांना फोन दे एकदा. बोलायला नको. नुसते खोकले तरी चालेल.

सुयोग


गोराई
४ सप्टेंबर २०२५

सुयोग,

गौरी काल-परवा गेल्या, आज हात मोकळा झाला. सगळं लिहिते, मध्ये थांबू नकोस.

आधी जे लपवलं ते. अण्णा जूनच्या सुरुवातीला पट्टीवरून पडले. मातीची पाटी डोक्यावर होती, पाय सरकला, तालीच्या दगडावर कमरेवर आदळले. तेव्हापासून अंथरुणावर आहेत. गावकीच्या सभेलाही शेजाऱ्यांनी खुर्चीवर बसवून नेलं होतं, ते उठले म्हणून लिहिलं मी, पण त्यांना दोघांनी धरून उठवलं होतं. आता डॉक्टर म्हणतात काठी घेऊन चालतील, माळ चढणार नाहीत. तुझ्यावर रागावलेले नाहीत. त्यांनीच मला शपथ घातली होती. म्हणाले, "त्याला कळलं तर तो सगळं टाकून येईल. आणि चार दिवसांनी हेही टाकून जाईल. त्यापेक्षा नको."

हे असं म्हणाले. तुला लागेल, पण तू खरं लिही म्हणाला होतास.

गौर आणायच्या दिवशी बायका येतील असं मला वाटलंच नव्हतं. आल्या. गौर आणताना बोलायचं नसतं, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. मला वाटत होतं, कोणीतरी शिव्या द्याव्यात. सगळ्या टाकळ्यातून चालत होत्या, साड्या ओल्या होत होत्या, वाकून वाकून बघत होत्या. मी उपटलं होतं तिथे दोऱ्यासारखी रोपं होती, फूल नाही. कुंड्यांचे खड्डे तसेच होते. शांताबाई त्या खड्ड्यांच्या बाजूने गेली आणि मला वाटलं आता ही परत फिरणार.

ती अण्णांच्या पट्टीशी गेली. मी महिनाभर त्या पट्टीकडे बघितलंच नव्हतं. बघवत नव्हतं, तिथेच ते पडले. त्या लाल मुरमात, जिथे टाकळ्याला काही मिळालं नाही, तिथे तेरडा होता. वीतभरच उंच, ताठ, साधी एकेरी गुलाबी फुलं. फार नाहीत. घराघराला पुरतील एवढी रोपं अजिबात नाहीत. बाजूला सोनकीही होती, बारीक.

शांताबाई खाली बसली. मागच्या सगळ्या हात पुढे न करता उभ्या राहिल्या. तिने एकच रोप धरलं आणि मुळाशी बोटं घालून हळूहळू सोडवलं. बाकीची तशीच ठेवली, बी पडायला. ते एक रोप घेऊन सगळ्या खाली आल्या, आणि यंदा गावात घरोघर गौर बसली नाही, देवळात एकच बसली. सगळ्यांची.

संध्याकाळी गावकी बसली. शांताबाई म्हणाली, "गौर माळावरून आली. एक आली, पण आली. यंदा माळ द्यायचा नाही. पुढच्या वर्षी घरोघर पुरली नाही, तर मी उठून काही बोलणार नाही, मला विचारूही नका." लॉनवाल्यांच्या बाजूचा एकजण हसून म्हणाला, एक वर्षाने काय होतंय, मावशी. शांताबाईने माझ्याकडे बघितलं.

मी घरी आले. अण्णांनी एवढंच विचारलं, "मुळं अखंड आली का?" मी म्हटलं, आली. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

आता माझं ऐक. क्षमा मॅडमना पुन्हा माती दिली. पट्टीतलं स्फुरद बरंच उतरलंय, बाकी माळाचं जवळजवळ तसंच आहे. दर उन्हाळ्यात एकेक पट्टी खरवडायची, दर पावसाळ्यात टाकळा उपटून खाली न्यायचा, आणि खालची वाडी त्यावर पिकवायची. एका वर्षाचं हे काम नाही आणि एका बाईचंही नाही. मी दोन्ही करू शकत नाही, सुयोग. माझे हात उठत नाहीत आता. पुढच्या गौरीला तेरडा पुरला नाही तर झरा जाईल, वाडी जाईल, आणि अण्णांच्या खिडकीतून लग्नाचा मांडव दिसेल.

जूनमध्ये तुला येऊ नकोस लिहिलं. आजही ये असं लिहीत नाही. येऊन जाणार असशील तर येऊच नकोस. ते मला आणि अण्णांना झेपणार नाही. राहणार असशील तर ये.

सुलक्षणा


कांडला
१२ सप्टेंबर २०२५

ताई,

पत्र वाचून दोन दिवस उत्तर लिहिता आलं नाही. लिहायला बसलो की वाटायचं, काहीतरी वचन द्यायला जाईन आणि तू वाचून हसशील. माझ्या वचनाला कोण विचारतो. अण्णा बोलले ते बरोबर बोलले. मी आजवर कुठेही वर्षभराच्या वर थांबलो नाही, इथे दीड वर्ष झालं तेही मशीन सोडायला सकाळी कंटाळा येत होता म्हणून.

म्हणून वचन देत नाही. घाबरलोय हे सांगतो. काल मुकादमाला सांगितलं सोडतोय, तो म्हणाला, कुठे, दुबई? मी म्हटलं, टाकळा उपटायला. तो म्हणाला, किती दिवस? मला आकडा सांगता आला नाही.  पट्ट्या किती होतील याचाही रात्री हिशोब करायला गेलो, मग सोडून दिला. एक पट्टी दिसते मला, अण्णांच्या शेजारची. तेवढीच दिसते.

आज निघतोय. हे पत्र माझ्या मागून येईल, पोस्टमनला पुन्हा नाव वाचू दे.

कपडे दोनदा धुतले, बॅग उलटी करून झटकली. गोदामातले बूट मात्र इथेच ठेवले. धुऊन बघितले, तळव्याच्या खाचांत डीएपी बसलंय, काडीने कोरलं तरी निघत नाही. ते घालून मला माळ चढायचा नाही. बोटीतून उतरलो की अनवाणीच येईन. अण्णांना मी आलो म्हणून सांगणार नाही. त्यांच्या खिडकीतून वर कोणीतरी वाकलेलं दिसेल, त्यांना आपोआप कळेल. पहिल्या दिवशी ते काही बोलणार नाहीत. किती दिवसांनी बोलतात ते मी बघेन.

सुयोग